कोहळा आपसूक फुटेल

"ह्या जगात कर्ता म्हणून कुणी नाही. 'मी' म्हणतात, तोसुद्धा नाही. जे होतं ते आपसूक होतं."

येसाजीरावांनी हे म्हैसूरजवळच्या हिनकल गावात पिंपळकट्ट्यावर जाहीर केलं तेव्हा त्यांच्या धोतराला मागून शेण लागलं होतं. ते कुणाला लागलं, हा प्रश्न आता उरला नव्हता. वास मात्र येत होता.

हे ज्ञान त्यांना म्हैसुरात, मंडी मोहल्ल्यातल्या एका प्रवचनात मिळालं. गेले होते पावसाला आडोसा म्हणून. पुढं बरेच दिवस ते तसंच पडून होतं. कामाला आलं ते गोदावरीबाईंचा पानमळा बुडाल्यावर.

झालं असं की, तळ्याच्या पाण्याची पाळी येसाजीरावांची होती. ते बांधावर दारं धरायला बसले, आणि वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं सोडून तिथंच घोरायला लागले. पाणी काय, उतार दिसेल तिकडं गेलं. शेजारच्या मळ्यात वेलींच्या बुडाशी तळं झालं. पानवेल नव्या जावयाहून नाजूक. पाणी तुंबलं की मूळ कुजलंच. विधवा बाईचं सगळं घर त्या पानांवर. आणि गावची रीत अशी, की ज्यानं बुडवलं त्यानंच खोरं घेऊन चर काढून द्यायचा.

"येसाजीराव, खोरं घ्या न् चला," गोदावरीबाई कट्ट्यासमोर येऊन म्हणाल्या.

"मळा कुनी बुडवला, अक्का?"

"तुमी."

"ह्यो 'तुमी' कुटं हाय त्यो दावा बगू. डोळा लागला. म्या लावला काय? लागला. पानी उताराला जातंय, म्या ढकललं काय? सुम्मने, उगंच माज्यावर येऊ नका."

"आंदळं दळतंय न् कुत्रं पीठ खातंय, हे ऐकलं हुतं. तुमचं त्याच्या म्होरं. तुमी म्हनताय, जातंच न्हाई."

"आता कसं कळलं तुमास्नी," येसाजीराव म्हणाले आणि पान लावायला बसले. पान गोदावरीबाईंच्याच मळ्यातलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मराठ्यांच्या आळीत त्या दिवशी तलवारी, नांगराचे फाळ, सायकली, मेटगळ्ळीच्या कारखान्यातून आणलेले नटबोल्टांचे पाने, सगळ्यांना कुंकू लागतं. मग देवीपुढं कोहळा कापायचा. तो मान येसाजीरावांच्या घराण्याचा. त्यांच्या पणजोबांनी म्हैसूरच्या फौजेत एका घावात शत्रू आडवा केला होता. कुठला शत्रू, हे घराण्यात कुणी विचारत नाही.

येसाजीराव फेटा बांधून, मिशीला तूप लावून आले. आळीतले वडीलधारे अंबाजीराव तलवारीचं तबक पुढं करणार, तोच गोदावरीबाई म्हणाल्या,

"भावजी, तबक खाली ठेवा. कापनारा कुनी न्हाई. कोहळा आपसूक फुटंल."

अंबाजीरावांचाही बांध त्याच पाण्यानं खचला होता. त्यांनी तबक खाली ठेवलं. "बसा समदी," म्हणाले.

आळी बसली. कोहळ्याकडं बघत राहिली. कोहळा निवांत होता. ऊन चढलं. एक माशी त्याच्यावर बसली आणि कंटाळून उठली.

"फेटा झ्याक बांधलाय की," मागून कुणीतरी म्हणालं.

"बांधला न्हाई. बांधला गेलाय," दुसऱ्यानं सुधारलं.

येसाजीरावांच्या मिशीतलं तूप वितळायला लागलं. "मुहूर्त टळतोय, अंबाजीराव."

"टळतोय खरा. टाळनारा कुटं हाय?"

"न्हाईतर असं करू," गोदावरीबाई म्हणाल्या, "माजा भाचा कापंल. कुनाचा का हात असंना."

येसाजीराव ताडकन उठले. "तबकाला कुनी हात लावायचा न्हाई. मान माज्या पनज्याचा, माज्या बाचा, न् आता माजा." त्यांनी तलवार उचलली आणि घाव घातला. कोहळ्याच्या दोन फाकी झाल्या.

"कुनी कापला?" अंबाजीरावांनी विचारलं.

"म्या."

"आन् मळा?"

येसाजीरावांनी आळीकडं बघितलं. हातात तलवार, डोक्यावर फेटा. एवढ्या थाटात असलेल्या माणसाला पुन्हा नाहीसं होणं अवघड जातं.

"म्या," ते तलवारीच्या टोकाकडं बघत म्हणाले.

दिवस कलायच्या आत ते गुडघाभर चिखलात उतरून चर काढत होते. पाणी खाली सरकायला लागलं, वेलींची बुडं उघडी पडली, तसं ज्ञानही परत वर आलं. माणूस मानाला असतो आणि नुकसानीला नसतो.

"बगा अक्का," येसाजीराव म्हणाले, "खोरं चालतंय. चालवनारा दिसतोय का कुटं?"

गोदावरीबाई आडव्या झालेल्या वेली आधाराला बांधत होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटलं,

"न्हाई दिसत. पर दिसलाच तर तेवढं सांगा त्येला, पाय उचल म्हनावं. वेलीवर पडलाय."