मंडळींची खारट पुरणपोळी

अठ्ठ्याहत्तर सालच्या उपवासकाळात लॉरेन्स दिवे इतका थकला होता की पिंपरीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी त्याला काही वाटेना. एरवी त्याने त्या जागेवर पंधरा मिनिटांचा अख्खा कार्यक्रम बेतला असता. पण लोकांना हसवायचा धंदा सोळा वर्षं केला की हसण्याआधी जांभई येते, हे त्याला कळून चुकलं होतं.

सोळा वर्षं, म्हणजे बासष्टपासून. त्याचे वडील नगरकडच्या एका खेड्यात चर्चचे मास्तर होते, मुलांकडून प्रार्थना घोकून घ्यायचे. लॉरेन्स पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरला लागला आणि पहिल्याच ख्रिसमसला कॅन्टीनमध्ये त्याने साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या. पाहुणा म्हणून आलेल्या रेडिओच्या माणसाने त्याला तिथूनच उचललं. दर गुरुवारी संध्याकाळी कामगारांसाठी पंधरा मिनिटं, नाव 'भोंगा'. चिंचवडच्या चाळींत आणि चाकणच्या बाजारात लोक रेडिओभोवती कोंडाळं करायचे. पुढे त्या गोष्टींचं पुस्तकही निघालं. कुणी सही मागितली की लॉरेन्सची कॉलर ताठ व्हायची, हेही सांगून टाकलेलं बरं.

या सगळ्या डोलाऱ्याचा खांब होती त्याची बायको, शालनबाई. रेडिओवर तिचं नाव 'आमची मंडळी'. मंडळींनी घड्याळ उलटं टांगलं, मंडळी भलत्याच लग्नात जेवून आल्या. सगळ्यांत गाजली ती पुरणपोळी. बिशपसाहेब घरी जेवायला आले तर मंडळींनी पुरणात गुळाऐवजी मीठ घातलं, आणि बिशपांनी 'हेच माझं प्रायश्चित्त' म्हणत दोन पोळ्या संपवल्या! लोक पोट धरधरून हसले. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बिशप दिव्यांच्या घरी कधी आलेच नव्हते, आणि शालनबाईंच्या हातच्या पोळीवर अख्खी कॉलनी टपलेली असायची.

उपवासकाळात लॉरेन्सचा एक नेम होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस कुणी मटण सोडतं, कुणी विडी. लॉरेन्स विनोद सोडायचा. "मटण तसंही महिन्यातून एकदा दिसतं, ते सोडून देवावर काय उपकार?" असं तो फादरांना गमतीत बोलून गेला होता, पण नेम पाळला मात्र इमानाने. रेडिओ काही थांबत नाही. म्हणून तो उपवासकाळाच्या सातही गुरुवारांचे कार्यक्रम आधीच टेपवर भरून ठेवायचा. मग चाळीस दिवस रेडिओतला लॉरेन्स खिदळायचा आणि घरातला तोंड मिटून ऐकायचा. शेजारच्या सरूबाई म्हणायच्या, "ह्यो मानूस हाय का भूत? हितं मुका बसलाय आन् तिकडं डब्यात बडबडतोय!"

त्या वर्षी उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात शालनबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. फार दिवस नाहीत, असं त्यांनी लॉरेन्सला बाजूला घेऊन सांगितलं. शालनबाईंना कुणी काही बोललं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, एक मागायचंय."

"माग की."

"मला रेडिओवरून काढा."

लॉरेन्स खाटेजवळ सरकला.

"वॉर्डात सलाइन लावायला आलेली नर्स म्हणाली, त्या खारट पोळीवाल्या बाई तुम्हीच ना? साऱ्या वॉर्डातल्या बायका हसल्या. एकीचे तर टाके दुखले हसून. मी आपली उताणी पडलेली, नाकात नळी. काय सांगणार? ती पोळी मी केलीच नव्हती हो!"

"गंमत असते ती, शालन."

"तुमची गंमत. मला मात्र वाण्याकडे मीठ मागायची चोरी. उद्या मी गेले की लोक म्हणतील, खारट पोळीवाली गेली. तसं जायचं नाही मला."

तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. लॉरेन्सने शब्द दिला, आणि मग त्याला टेपा आठवल्या. अजून चार कार्यक्रम टेपवर भरलेले पडले होते. चारही मंडळींवर. आणि परवाच्या गुरुवारी मंडळी पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जाऊन डॉक्टरलाच काढा पाजणार होत्या. टेप भरली तेव्हा शालनला नुसतं अपचन झालंय, असंच सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून पुण्याला गेला. कार्यक्रम सांभाळणारे जयसिंगराव कपाळाला हात लावून बसले. "दिवेभाऊ, चार गुरुवार मोकळे कसे सोडू? नवे चार आत्ता बोल, त्याच टेपांवर भरू. जुने आपोआप पुसले जातील. जादा टेप आहेत कुठं आपल्याकडे?"

नवे चार बोलायचे म्हणजे ऐन उपवासकाळात विनोद करायचे. एक शब्द देवाला दिलेला, दुसरा बायकोला. लॉरेन्सने फार विचार केला नाही. देवाची समजूत घालायला पुढे वेळ मिळाला असता, शालनची घालायला नव्हता.

तो माइकसमोर बसला. बसवर बोलला, कॅन्टीनच्या चहावर बोलला, स्वतःच्या चावणाऱ्या बुटांवर बोलला. काही केल्या जमेना. दर दोन वाक्यांनी 'आमची मंडळी' जिभेवर यायची आणि तो ती गिळून टाकायचा. आपल्याला विनोद येत नव्हता, आपल्याला फक्त बायको होती, हे त्या तासाभरात त्याला कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

गुरुवारी पहिला कार्यक्रम झाला. शनिवारी लॉरेन्सने पापनिवेदनाला गुडघे टेकले आणि नेम मोडल्याचं सांगितलं. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "मी ऐकला तो कार्यक्रम. त्यात विनोद कुठं होता? नेम मोडलेला नाही. जा."

मग पोस्टकार्डं आली. आधी पाच-सहा, नंतर जयसिंगरावांनी पिशवीच धाडली. लॉरेन्सने पहिलं कार्ड वाचलं आणि उलटून पत्ता पुन्हा पाहिला. 'वहिनी गेल्याचं समजलं. फार वाईट वाटलं.' दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. मंडळींचं नाव नाही आणि लॉरेन्सचा आवाज मेल्यासारखा, म्हटल्यावर लोकांनी परस्परच मंडळींना पोचवून टाकलं होतं.

तो पिशवी खाटेखाली सरकवायला गेला, पण शालनबाई जाग्या होत्या. "काय लपवताय? वाचा."

"नको, शालन."

"माझीच पत्रं ना? मग वाचा."

त्याने वाचली. तळेगावचे कुणी दत्तोबा, रेल्वेत होते. त्यांनी लिहिलं होतं, की घरात भाजी खारट झाली की सगळे मंडळींचं नाव घेऊन हसत जेवतात, परवा मात्र कुणाला घास गेला नाही. मग चाकणजवळच्या एका वाडीतल्या पुतळाबाईंचं कार्ड निघालं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. 'भाकर करपली की मालक हात उचलायचे. तुमचं ऐकाय लागल्यापासून म्हणतात, आपल्या घरी बी एक मंडळी हाय, आन् हसून खातात. माझी पाठ वाचली ती वैनींमुळं. त्यास्नी देवानं सुखात ठेवावं.'

ते कार्ड शालनबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग ते हातात मागून घेतलं.

"अहो, आता मी नाही म्हटल्यावर तिचा नवरा परत मारायला लागेल का?"

"कुणाला ठाऊक."

"मग मला परत आणा."

"तू शब्द घेतलायस."

"दिला परत. पण एवढ्यात नको, नेम आहे तुमचा. ईस्टरला उठवा. आपल्यात त्या दिवशी मेलेले उठतातच की!" असं म्हणून शालनबाई टाक्यांवर हात दाबून हसल्या. सोळा वर्षांत या घरातला पहिला खरा विनोद त्यांनी केला होता. लॉरेन्सला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, आणि त्याने दोन्ही येऊ दिलं.

"आणि एकदा तरी सांगा," त्या म्हणाल्या, "पोळी गोड होती म्हणून."

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी शालनबाई गेल्या. सरूबाईंनी कॉलनी गोळा केली, फादरांनी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी केला, मंगळवारी मातीही झाली. शेवटचा तो बेचव कार्यक्रम त्या गुरुवारी ठरल्याप्रमाणे लागला. लॉरेन्सने रेडिओ लावला नाही.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी तो केंद्रात हजर झाला. जयसिंगराव म्हणाले, "भाऊ, आज राहू दे."

"ठरलंय तिचं-माझं," लॉरेन्स म्हणाला आणि माइकपुढे बसला. मंडळी परत आल्या, तो सांगू लागला. कुठं गेल्या होत्या? माहेरी. आल्या त्या हातात लाटणं घेऊनच, आणि लोकांनी पाठवलेली दुखवट्याची पत्रं वाचून माझ्यावर धावल्या. मग त्याने सांगितलं, की बिशपांची पोळी गोड होती, अगदी साखरेसारखी. मिठाचं खोटं मीच बोललो, सोळा वर्षं बोललो. काचेपलीकडे जयसिंगरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

पत्रांचा पाऊस पडला. मंडळी जिवंत असल्याच्या आनंदाने लोकांनी लिहिलं, आणि पोळी गोड होती ही तर सगळ्यांत मोठी थाप, असं बहुतेकांनी लिहिलं. पुतळाबाईंच्या कार्डावर एकच ओळ होती, 'वैनी आल्या, बरं झालं.' लॉरेन्सने ते कार्ड तेवढं प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं.

ब्याऐंशी सालापर्यंत त्याने 'भोंगा' चालवला. दर गुरुवारी मंडळींना पाव तास जिवंत ठेवायचं आणि मग बसने रिकाम्या घरी यायचं, असं चार वर्षं. शालनबाई खरोखर गेल्या तेव्हा दुखवट्याचं एकही कार्ड आलं नाही. ती सगळी आधीच येऊन गेली होती, आणि तिने ती जिवंतपणी ऐकली होती.