बरफातलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी कुल्फीची पेटी आहे. सध्या यवतमाळात अब्दुल गनींच्या परसात पडून असते आणि माझ्यावर कोंबडी बसते. तिची अंडी थंडगार निघतात, असं मी सांगते. पटलं तर घ्या. माझं बोलणं कापसासारखं फुगलेलं असतं, पण दाबून गाठ बांधली की खरं वजन निघतंच.

बाभुळगावच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा कापसाचा भाव असा पडला होता की भिंतींत भरायला भुसा महाग आणि रुई स्वस्त! बाहेर सागाची फळी, आत पत्रा आणि मधे ठासून रुई. उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर वितळायचं आणि माझ्या पोटात बर्फ कुडकुडायचा. एकदा राळेगावच्या बसस्टँडवर माझं झाकण उघडं राहिलं, तर कंडक्टरने भर मे महिन्यात मफलर गुंडाळला. पोरं मला पाहून धावत यायची. केवढा तोरा होता माझा!

मग वाईट वर्षं आली. बोंडं भरेनात आणि भरली तर भाव मिळेना. घराघरांतून पहिली बंद झाली ती कुल्फी. माझे मालक गनीचाचा घंटी वाजवत फिरायचे आणि पोरं दारातून नुसती बघायची.

त्याच सुमारास डॉक्टर कपिल आमच्याकडे आले. पोरांच्या रक्तात सिकलसेल नावाचा आजार शोधायचा आणि ज्यांना तो निघेल त्यांना एका औषधाने आराम पडतो का ते पाहायचं, असा त्यांचा अभ्यास चालला होता. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाडं ठणकतात. गावांतून रक्ताच्या नळ्या एसटीने यवतमाळला आणायच्या, तर थंड पेटी हवी. मी रिकामी होते आणि माझा मालकही.

"गार राहील ना, चाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले थंडी शिकवता, साहेब? बरफ विकता विकता दाढी पांढरी झाली माही."

एवढ्यावर भागलं. किती गार, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि चाचांनी विचारलं नाही.

राळेगावच्या बाजूला एका खेड्यात रुखमाबाई नावाची मजूर बाई राहायची. तिची थोरली मुलगी सुरभी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, भारा आणताना मधेच टाकून बसायची. हातपाय दुखतात म्हणायची. "कामाच्या वक्तालेच कशी दुखते वं तुही हाडं? नखरेल कुठची!" रुखमाबाई करवादायची. एखादा धपाटाही बसायचा. डॉक्टरांच्या तपासणीसाठी सुरभीचं रक्त घेऊन नळी माझ्यात ठेवली, तेव्हा तिने वाकून आत पाहिलं.

"चाचा, आता कुल्फी नसते याच्यात?"

"असते ना बेटा. तुही लाल कुल्फी हाय आत."

हसली पोरगी. गोड हसायची.

त्या दिवशी रस्त्यात एसटी बंद पडली. ऊन असं की कावळे पायी चालत सावली शोधत होते. बर्फ पाघळू लागला आणि चाचा घाबरले. मग कुठलाही कुल्फीवाला जे करेल तेच त्यांनी केलं. पिशवीतलं खडेमीठ बर्फावर ओतलं. मिठाने बर्फ चवताळतो, मित्रांनो. शेजारी असेल ते गोठवून टाकतो.

यवतमाळला पोचताच त्यांनी ऐटीत झाकण उघडलं. "पाहा साहेब, दगड!"

डॉक्टरांनी एक नळी उचलली आणि उजेडात धरून पाहिली. "चाचा, ही कुल्फी नाही हो. गोठलं की रक्तातल्या पेशी फुटतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहू काय?"

नळ्या वितळल्या तेव्हा आत नुसतं लाल सरबत होतं.

सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागणार होतं. बाकीच्यांनी कुरकुरत दिलं, पण रुखमाबाईने दार लावून घेतलं. "एकदा नेलं ना? कुठी विकलं? पोरीच्या अंगात हाय का तेवढं?" चाचा मला सायकलला बांधून तिच्या दारी जात राहिले. शेवटी एकदा उंबऱ्याशी बसून म्हणाले, "विकलं नाही, माय. म्या नासवलं. कुल्फीचं मीठ रक्ताले लावलं."

रुखमाबाईने दार पूर्ण उघडलं. मग तिने सुरभीला हाक मारली. या वेळी बर्फ फडक्यात बांधला होता आणि नळ्या त्याला न टेकवता ठेवल्या होत्या. रक्त नीट पोचलं.

पण उशीर झाला होता. त्याच आठवड्यात सुरभीला ताप भरला, छाती दुखू लागली. गावातल्या एकाने वाताचं इंजेक्शन दिलं. आजाराचं नाव ठाऊक असतं, तर तिला तडक मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं. पोळ्याआधी ती गेली.

अहवाल मागाहून आला. तो सांगायला डॉक्टर आणि चाचा तिच्या घरी गेले. मीही होते, कॅरिअरवर.

"काय निघालं?" रुखमाबाईने विचारलं.

"तोच आजार होता, ताई. हाडं आतून ठणकतात यात. फार ठणकतात."

अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग होता. रुखमाबाई त्याच्याकडे बघत म्हणाली, "मंजे खरंच दुखत होतं तिले."

मलासुद्धा थाप सुचली नाही.

मग ती आत गेली आणि धाकटीला घेऊन आली. तिची बाही वर सरकवून म्हणाली, "हिचं घ्या. कालपासून गुडघा धरून बसते. मी रागावली नाही." आणि चाचांकडे वळून हळूच म्हणाली, "मीठ नोको टाकजा."

धाकटीच्याही रक्तात तोच आजार निघाला, पण तिला वेळेवर औषध मिळालं. मी मात्र आता गळते. फळ्या उकलल्यात, भिंतीतली रुई बाहेर डोकावते. माझं काही नाही, मित्रांनो. पण घरात कुणी 'दुखतं' म्हणालं, तर आधी ते खरं माना. थापा मारायला मी आहे की.