अर्ध्या पियाल्याचा मान

माझ्या मधल्या फळीवर किटलीच्या बुडाचं एक वर्तुळ उमटलेलं आहे. ते पुरं नाही. पाण्याच्या पाटाकडच्या बाजूला त्याची रेघ ठसठशीत आहे. घराकडे जाता जाता ती पुसट होत नाहीशी होते. माझा एक पाय किंचित आखूड असल्यामुळे सांडलेला चहा नेहमी पाटाकडेच ओघळला. ती रेघ गडद व्हायची मात्र कधीच थांबली आहे.

मित्रांनो, मी एक जुना तपचान आहे. मर्गिलान शहरातल्या एका अंगणात, तुतीच्या झाडाखाली, पाटावर पाय रोवून उभी असलेली रुंद लाकडी बैठक. नोर्मत सुतारांनी मला स्वतःच्या घरासाठी घडवलं. फळ्यांमध्ये त्यांनी फटी ठेवल्या. लाकूड फुगलं तर त्याला जागा हवी, आणि पाटाचा गारवा वर यायलाही वाट हवी.

दुपारी अंगणातल्या विटा तापल्या की नोर्मत माझ्याकडे येत. जोडे काढत, कानावरची पेन्सिल काढून जोड्यात ठेवत आणि मगच वर चढत. पेन्सिल कानावर राहिली की माणूस बसतो, पण डोकं रंधा मारतच राहतं, असं ते म्हणत. मग चहा पियाल्यात ओतायचा, परत किटलीत घालायचा, असं तीनदा करून तो मुरू द्यायचा. घाई केलेली त्यांना खपत नसे. शेजारचा ममाजान न्हावी रोज त्यांची थट्टा करी, "नोर्मत, अर्धाच पियाला? चहापत्ती संपली की काय?"

"काठोकाठ भरीन बरं, पण मग उठावं लागेल तुला," नोर्मत म्हणत.

आमच्याकडची रीतच तशी आहे. हवाहवासा पाहुणा असेल त्याला थोडा थोडा चहा ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला की पाहुण्याने समजायचं, निघायची वेळ झाली. माझ्यावर कुणालाच भरलेला पियाला मिळाला नाही. तुती टपटपत, ममाजान बोलता बोलता घोरू लागे, आणि छोटी हसियत बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पाटाचा आवाज ऐकत राही. ते माझे सुखाचे दिवस.

नोर्मत गेले. हसियत मोठी झाली, नवरा वारल्यावर माहेरी परतली आणि लग्नाच्या दुलया शिवू लागली. तिचा टाका इतका सुबक की साऱ्या मोहल्ल्यातल्या नवऱ्या मुली तिच्याच दुलया घेऊन सासरी जात. माझ्यावर आधी कापसाचे गठ्ठे आले, मग कापडाची चळत, मग शिलाईयंत्र. बसायला जागा उरली नाही. जगाला निजायची सोय करणारी हसियत माझ्या कोपऱ्याला टेकून, उभ्या उभ्या चहा पिऊ लागली. पुन्हा ओतायला नको म्हणून पियाला काठोकाठ भरे.

पूर्वी माझ्या फटींतून तुती पडत. गेल्या वर्षापासून सुया पडू लागल्या. हसियतच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत होती. सुई निसटे, पाण्यात चमके आणि जाई. ती इकडेतिकडे पाहून दुसरी घेई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हा उन्हाळा हाताला पुरती विश्रांती दे, नाहीतर पुढे सुई धरताच येणार नाही. हसियतने मान डोलावली होती. हे एवढं लग्न होऊ दे, मग थांबते, असं ती स्वतःलाच सांगे. लग्नं काही संपत नव्हती.

तिची अंबारआत्या डोंगरातल्या गावी राहते. जर्दाळू पिकायच्या सुमारास दर वर्षी ती हसियतला न्यायला येते आणि एकटीच परत जाते. यंदाही आली. तिने कापसाचे गठ्ठे उचलून सरळ विटांवर ठेवले, फडक्याने माझ्या फळ्या पुसल्या आणि वर बसली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला माणसाची ऊब लागली.

हसियतने आत्याला रीतीप्रमाणे अर्धा पियाला दिला. स्वतःचा भरला काठोकाठ. आत्या बघत राहिली.

"पोरी, भरलेला पियाला कुणाला देतात गं?"

"जो जावा असं वाटतं, त्याला."

"मग बापाच्या तपचानावरून तू कुणाला हाकलतेस?"

 हसियतने पियाला उचलला, तर तो बधिर बोटांत कलला आणि चहा त्या जुन्या वर्तुळावर सांडला, पाटाकडे ओघळला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला फार कळत नाही. पण फटी नसत्या तर मी पहिल्याच ओल्या हिवाळ्यात तडकलो असतो. तुम्ही कामाचे व्हा, जरूर व्हा. पण बसाल तेव्हा हातातलं खाली ठेवून बसा.

तेवढ्यात दारातून मोहल्ल्यातली शरोफत आपा आत आली. मुलीचं लग्न ठरलं होतं, दुलया हव्या होत्या, कापड ती सोबतच घेऊन आली होती. "तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ? लग्न काय तुझ्या सवडीने थांबणार आहे?" असं म्हणत तिने गाठोडं माझ्या एका कडेला ठेवलं.

हसियतने जोडे काढले. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून जोड्यात ठेवलं, आणि वर चढून मांडी घातली. भरलेला पियाला तिने पाटात रिता केला आणि आत्यापुढे धरला.

"अर्धाच ओत, आत्या," ती म्हणाली. मग शरोफतकडे वळली. "आपा, गाठोडं परत ने. आत्याच्या गावचे जर्दाळू आणि हा उन्हाळा संपेपर्यंत मी सुई धरणार नाही."