चर्चपासून चौथं घर

"या पिठात मीठ आहे, की नुसतीच आशा आहे?" माझ्या कोपराला कोपर लावून मासे घोळवताना अर्नेस्टीन पुटपुटली.

प्रार्थना आटोपली होती. आम्ही तिघी चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात होतो. जेवणं झाली की मतदान होतं. वॉशिंग्टनमधली ही इमारत विकायची आणि चर्च मेरीलँडला न्यायचं, की नाही? मेरीलँडला म्हणजे जिथे आता आम्ही जवळजवळ सगळे राहतो. मला जाऊन अकरा वर्षं झाली, अर्नेस्टीन माझ्याही आधी गेली. तिसरी व्हर्लीन. ती एकोणऐंशी वर्षांची आहे आणि अजून चर्चपासून चौथ्या घरात राहते. रविवारी सकाळी सातला तीच दार उघडते, हीटर लावते, मग सावकाश आम्ही आमच्या गाड्यांतून उगवतो.

मतदानाबद्दल तिच्यासमोर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. दर रविवारी तिला मेरीलँडला न्यायला चर्च जी व्हॅन ठेवणार होतं, तिच्याबद्दल मात्र सगळे भरभरून बोलत होते.

"अगं, व्हॅन थेट तुझ्या दारात येईल," अर्नेस्टीन म्हणाली. "राणीसारखी बसून यायचं."

"राणीला पहाटे सहाला तयार होऊन खिडकीत बसावं लागतं का?" कॉलर्डच्या पालेभाजीचे देठ काढत व्हर्लीननं विचारलं.

"व्हॅनला पायरी असेल," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"माझ्या घराला चार आहेत."

तेवढ्यात दार वाजलं. कुत्र्याला घेऊन एक तरुण गोरा शेजारी उभा होता, ओशाळलेला. "माझ्या गाडीला आडवी कुणाची तरी गाडी आहे. घाई नाही, पण..."

रविवारी इथे रस्त्यावर गाड्यांची दुहेरी रांग लावायची, हे आमच्या वडिलांच्या काळापासून चालत आलंय.

"निळी ना? ती डीकन लूशियसची," व्हर्लीन मान वर न करता म्हणाली. "वर जाऊन किल्ली माग. आणि कोल, बायकोचा ताप उतरला का रे?"

"उतरला, मिस व्हर्लीन. तुमचं सूप सगळं संपवलं तिनं."

तो गेला. दार नीट लागेपर्यंत अर्नेस्टीननं दम धरला. "बघितलंत? आपल्याच गल्लीत गाडी लावायची चोरी! हे गोरे आले आणि आपल्या काळ्या लोकांना इथून हाकलून दिलं."

मी मान हलवली. हे वाक्य आलं की मान हलवायची सवयच आहे आम्हाला. बरं वाटतं.

व्हर्लीननं सुरी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले.

"तुला कुणी हाकललं, अर्नेस्टीन? तुझं घर विकलं गेलं त्या दिवशी केक मीच आणला होता. तू नाचत होतीस." मग माझ्याकडे वळून, "आणि डोरेथा, तीन बाथरूम मिळाली म्हणून तू फोनवर रडलीस. आनंदानं."

रागावली नव्हती ती. चहात साखर किती घालू, असं विचारावं तसा आवाज. कढईतलं तेल तडतडायला लागलं, मी आच कमी केली.

"विकलंत, चांगलं केलंत. मीही टाळ्या वाजवल्या," व्हर्लीन म्हणाली. "पण व्हॅन व्हॅन करू नका आता. घरं सोडून गेलात, तरी रविवारी परत येत होता. या वेळी देवालाही बरोबर घेऊन चाललात, आणि मला एकटीला इथे ठेवून चाललात."