चमचाभर पाणी

खरं सांगते, दिपेशभाऊजी अंगणातून चपला फटफटवत गेले की माझा जळफळाट होतो. माझा धाकटा दीर, माणूस लाखातला. पण नारळाचा टेम्पो रेवसच्या रस्त्यावर उलटला तेव्हा दोघे भाऊ शेजारी बसले होते. भाऊजींचा पाय मोडला, तो जुळला. आमच्या ह्यांच्या डोक्याला मार लागला. तेव्हापासून हे खाटेवर, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. घर एक, चर्च एक, उपास दोघी जावांनी बरोबरीने केले. मग देवाने हे माझ्याच ताटात का वाढावं?

आणि ती कमळ, माझी जाऊ! दर रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी. "प्रभूने माझ्या मालकांना उभं केलं!" बायका माना डोलावतात, मी पदराखाली मुठी आवळते. चर्चचे पाळक मला म्हणतात, "नीराबाई, दुःख स्वीकारा, त्याच्या हाती सोपवा." सांगायला काय जातंय! ह्यांची कूस मी बदलते, पाळक नाही.

तरी दिवेलागणीला खाटेशी बसून प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणते. ही ह्यांनीच घातलेली सवय, लग्नापासूनची. फक्त 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' एवढं मी गाळते. का म्हणू? त्याची इच्छा काय असते ते बघितलं की! तिथून सरळ पुढच्या 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'वर येते. नेमके तेव्हाच हे अस्वस्थ होतात, घशातून घरघर करतात, डाव्या हाताने माझं मनगट धरतात. तहान लागते बिचाऱ्यांना. मी चमच्याने पाणी पाजते आणि प्रार्थना पुरी करते.

काल चर्चमध्ये हंगामाचा सण होता. वाडीतलं पहिलं फळ वेदीपुढे ठेवायचं, मग त्याचा लिलाव होतो. कमळ म्हणाली, "ताई, केळ्यांचा लोंगर यंदा तुम्ही न्या. दादांजवळ मी बसते."

मोठी आली उपकार करणारी! लोंगर ठेवला आणि लिलावाला न थांबता परत फिरले. दारातच थबकले. कमळ ह्यांचा हात धरून प्रार्थना म्हणत होती आणि हे गप्प पडून होते. घरघर नाही, धडपड नाही. मेली माझा नवराही शांत करते!

तेवढ्यात तिने मी गाळते ते वाक्य म्हटलं. ह्यांनी डोळे मिटले, आणि अर्धे ओठ तिच्याबरोबर हलले.

मी खाटेशी गेले. कमळला म्हटलं, "जा गो, आता मी बघते." ती गेल्यावर बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या वाक्याशी यायच्या आधीच ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. रडत, दातओठ खात म्हटलं एकदाचं. पकड हळूच सैल झाली. पाणी लागलं नाही.

हेवा गेला म्हणाल, तर नाही. उलट आता ह्यांचाही वाटतो. धडधाकट मी, माझ्या तोंडून ते निघत नव्हतं. ह्यांना रोज तेच म्हणायचं होतं, आणि मी त्या तोंडात पाणी ओतत होते.