बाकडं रिकामं!

आत कुकरची शिट्टी झाली आणि ओट्यावरची सगळी माणसं दचकली. टीम धुळ्याहून हरून परत आली होती, पण इथे जमल्यापासून कोणी सामन्याचा विषय काढला नव्हता. शिट्टी म्हटलं की त्या संध्याकाळी प्रत्येकाला मैदानावरची शेवटची शिट्टीच आठवत होती. तबस्सुम उठली, गॅस बंद करून आली आणि पुन्हा माझ्या टोकाला येऊन बसली. तिच्या गळ्यातली प्रशिक्षकाची शिट्टी अजून तशीच लोंबत होती.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जळगावातल्या या घरात मला बाक कोणी म्हणत नाही, बाकडंच म्हणतात. मला घडवलं ते तबस्सुमच्या वडिलांनी, युसूफ मिस्त्रींनी. कोणाच्या तरी दारं-खिडक्या करून उरलेली कडुनिंबाची फळी आणि बाभळीचे चार पाय, एवढंच माझं भांडवल. ते रंधा मारत तेव्हा लहानगी तबस्सुम शेजारी बसून लाकडाच्या वळलेल्या सालींच्या बांगड्या करायची आणि कोपरापर्यंत चढवायची. "अब्बू, कडा गोल करा ना, बसणाऱ्याला टोचतात," असं तिनंच सांगितलं होतं. म्हणून माझ्या कडा आजही गोल आहेत.

पुष्कळ वर्षं मी मिस्त्रींच्या दुकानाबाहेर उभा होतो. गिऱ्हाईक बसे, चहा पिई, निघून जाई. मिस्त्री गेले, दुकान गेलं, आणि तबस्सुमनं मला माहेरची आठवण म्हणून हातगाडीवरून आपल्या सासरी आणलं. मला वाटलं, आता ओट्यावर मिरच्या वाळवायच्या आणि म्हातारं व्हायचं. पण तिच्या मनात वेगळंच होतं. कॉलेजात ती फुटबॉल खेळायची. रूही झाल्यावर घराबाहेर पडणं तुटलं, तरी पायांना चैन नव्हती. एक दिवस कडेवर रूही आणि हातात बॉल घेऊन ती समोरच्या मोकळ्या मैदानात गेली. हळूहळू मोहल्ल्यातल्या, गल्लीतल्या मुली जमल्या. त्यांची टीम झाली आणि मी त्या टीमचा बाक झालो.

सामन्यात जिचा नंबर लागलेला नसे, ती माझ्यावर बसे. कितीतरी मुलींच्या गुडघ्यांची थरथर मी सोसली आहे, मित्रांनो. आत जायला मिळेल का, या एकाच विचारानं ते गुडघे हलत असतात.

पहिल्याच वर्षी अनवरी नावाची एक मुलगी पूर्ण सामना माझ्यावर बसून राहिली. घरी गेल्यावर तिला विचारलं, "खेळलीस का?" ती खरं बोलली. "मग बसायलाच जायचं तर घरी बस. आपल्याकडे काय ओटा नाही?" अनवरी परत कधीच आली नाही. तिची आई पिठाच्या गिरणीवर तबस्सुमला हे सांगून गेली, सहज, काही वाईट न वाटता. त्या रात्री तबस्सुम बराच वेळ माझ्या फळीवर नुसता हात फिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून टीमचा नियम झाला. शेवटची शिट्टी होण्याआधी बाक रिकामा झाला पाहिजे. निदान थोडा वेळ तरी प्रत्येक मुलगी आत गेलीच पाहिजे, म्हणजे घरी विचारलं तर "हो, खेळले" म्हणता येईल. हे कारण तबस्सुमनं कोणाला सांगितलं नाही. मुलींच्या घरांची झाकली मूठ तिला उघडायची नव्हती. लहान रूहीला मात्र तिनं त्याचा खेळ करून दिला. माझ्यावरची शेवटची मुलगी आत गेली की रूहीनं माझ्यावर चढायचं आणि ओरडायचं, "बाकडं रिकामं! बठ्ठ्या खेळतायत!" शेजारचे तोताराम आबा शिरपूरकडचे, सगळ्याला ते 'बठ्ठं' म्हणत, ते तिनं उचललेलं. मग सगळे टाळ्या वाजवत. माझ्यासारख्या लाकडाला तो मान फार मोठा वाटायचा.

या वर्षी आमची टीम धुळ्याच्या फायनलला पोहोचली. भाड्याच्या क्रूझरच्या टपावर मुलींनी मला दोरीनं बांधलं. तिथे खुर्च्या मिळणार होत्या, पण मुली म्हणाल्या, "आपलं बाकडं पाहिजे." निघताना, आघाडीला खेळणाऱ्या चेलनाचे वडील पारसभाऊ दुकानाच्या पायरीवरून बोलले, "बघा मॅडम, पोरगी दहावीला आली. जिंकून या, मग पुढचं बघू." इतर घरांतूनही थोड्याफार फरकानं हेच ऐकू आलं होतं. तबस्सुम हसून "हो" म्हणाली. गाडीत बसल्यावर तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली आणि धुळं येईपर्यंत ती सोडत आणि मारत राहिली.

सामना बरोबरीत चालला होता. आमचा एक गोल, त्यांचा एक. चेलनाच्या पायात वारं होतं. माझ्यावर मात्र अजून एक मुलगी बसून होती, दीपमाला. तिची आई कुंदाबाई डाळ मिलमध्ये कामाला जाते. बॉलमागे धावणारी लेक तिला मोठ्या मुश्किलीनं मान्य झालेली. दीपमालाचे गुडघे हलत होते. घड्याळ पुढे सरकत होतं. तबस्सुम मैदानाकडे बघे, मग माझ्याकडे बघे. बचावातली मुलगी काढली तर गोल उघडा पडणार होता, आणि दीपमालाला सराव होता तो पुढच्याच जागेचा. आणि त्या स्पर्धेच्या नियमानं, एकदा बाहेर आलेली मुलगी त्या सामन्यात परत आत जाऊ शकत नव्हती.

शेवटी तिनं चेलनाला बाहेर बोलावलं.

रूही माझ्यावर चढली. "बाकडं रिकामं! बठ्ठ्या खेळतायत!" चेलना माझ्यावर बसली नाही. ती पाठ फिरवून उभी राहिली.

अगदी शेवटी त्यांचा एक उंच बॉल आमच्या गोलसमोर आला. मदत करावी म्हणून दीपमाला जीव तोडून मागे धावली. तिनं पाय मारला. बॉल तिच्याच पायाला लागून आमच्याच जाळ्यात गेला. मग शिट्टी झाली.

आणि आता ओट्यावर सगळे बसले होते. कुकरच्या शिट्टीनं शांतता फोडलीच होती, तेव्हा पारसभाऊंनी घसा साफ केला.

"मॅडम, दुकान बंद व्हायच्या वेळेला गर्दी उसळली असताना, चांगला माल कोणी आत ठेवतं का?"

"चेलना माल नाही, पारसभाऊ."

"तेच म्हणतो मी! माझी पोरगी आहे. ती रडत आली. का काढली तिला?"

तोताराम आबांनी काठी आपटली. "बठ्ठं चांगलं चाली राह्यंतं. तिले काढं कसाले? त्यानापेक्षा माले उतारती, मी इतलं वाईट नही खेळतू!"

कोणीतरी हसलं. लगेच गप्पही झालं, कारण दीपमाला तिथेच होती. माझ्या दुसऱ्या टोकाला, टीमचे बूट मांडीवर घेऊन, मान खाली घालून.

"बरोबरी राखायची होती तर बचावात एक वाढवायची," पारसभाऊ म्हणाले. "जिंकायचं होतं तर चेलना ठेवायची. तुम्ही दोन्ही केलं नाही. मग केलं काय नेमकं?"

"निर्णय माझा होता. चूकही माझीच धरा," तबस्सुम म्हणाली.

"पण कारण काय?"

तबस्सुमनं तोंड उघडलं. मी सगळ्या पायांनी ओट्याला घट्ट धरून ठेवलं. ती दीपमालाकडे बघत होती. कारण सांगायचं म्हणजे त्या मुलीसमोर, तिच्या आईसमोर, तिच्या घराची गोष्ट चारचौघांत मांडायची. तिनं तोंड मिटलं.

तोवर कुंदाबाई उठल्या. मिलमधून थेट आल्या होत्या, पदराला डाळीची भुकटी होती. "ताई, मला एवढंच सांगा. माझी पोरगी चांगली खेळते म्हणून उतरवली, का तिची कीव आली म्हणून?"

"तिचा नंबर होता, कुंदाताई."

"नंबर रेशनच्या दुकानात असतो, ताई." कुंदाबाईंनी पदराची भुकटी झटकली. "बसून आली असती तर मी थोडी बोलले असते, आणि विसरले असते. आता गल्लीभर तिचंच नाव निघतंय. चल गं."

दीपमालानं बूट माझ्याखाली सारून ठेवले, आईमागे अनवाणी गेली. पारसभाऊ उठले. "चेलना उद्यापासून यायची नाही, मॅडम. राग मानू नका." एकेक करत सगळे उठले. माझ्यावर फक्त तबस्सुम उरली. तिची बोटं माझ्या गोल कडेवर अशी आवळली होती, की मला लहानपणचे तिचे हात आठवले.

"उद्या येतील," ती स्वतःशी म्हणाली. "उद्या येतीलच. मी काढते ना बाकडं बाहेर."

मित्रांनो, हरल्यावर बोलायलाच पाहिजे. कोणाला काढलं, कोणाला ठेवलं, यावर तासन् तास वाद घाला, माझी ना नाही. माझ्यासारखे बाक त्यासाठीच असतात. पण बोलण्याआधी एकदा बाकाच्या टोकाला बघून घ्या. ज्याच्याबद्दल बोलता आहात, ते मूल तिथेच मान खाली घालून बसलेलं असतं. आणि तुमच्या खेळात कोणी नुसतं बसून राहिलं असेल, तर त्याला आत घ्या. हरायची वेळ आली तरी घ्या. मी लाकूड आहे, मला फार कळत नाही. पण माझ्यावर बसून परत न आलेली अनवरी मला अजून आठवते. म्हणून ही विनंती करतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तबस्सुमनं मला मैदानात नेलं. नेहमी मला चार मुली उचलतात, हसत, भांडत. त्या दिवशी एका टोकाला ती होती आणि दुसऱ्या टोकाला रूही. माझे मागचे पाय मातीत रेघा ओढत आले. तबस्सुमनं बूट ओळीनं मांडले, बॉल ठेवला, शिट्टी वाजवली. पलीकडच्या गल्लीत एक दार उघडलं, बंद झालं. तिनं पुन्हा वाजवली. कोणाच्या तरी खिडकीत चेलनाच्या उंचीचं कोणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं, मग पडदा ओढला गेला. ऊन उतरत गेलं. तिनं शिट्टी तोंडात धरली, पण वाजवायला श्वास पुरेना.

रूहीनं माझ्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. सवयीनं माझ्यावर चढली. ओरडायला तोंड उघडलं, आणि मैदानाकडे बघून तशीच थांबली. मग तिनं अम्मीचा कुडता ओढला.

"अम्मी, बाकडं तर रिकामं आहे. मग बठ्ठ्या कुठं खेळतायत?"