टोपलीवरचं कापड

“कापड काढू नको, बाय. घरात आरवाय लागला का रानात मुका व्हतो,” सरूबाईने बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि उतू जाणाऱ्या दुधाकडे धावले.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. गिरगाव सोडून आम्ही काशीगावात आलो त्याला दोन वर्षं झाली होती. क्षितिजा दीड वर्षाची. तिचं वजन भरत नव्हतं, आणि घास पोटात कसा जाईल या एकाच काळजीत माझा दिवस जायचा. सरूबाई आमची धुणीभांडी करायची. क्षितिजाला तीन महिने अंघोळ घालून शेकलं होतं तेही तिनेच.

तिचा नवरा नाथा मागच्या सरकारी जंगलात रानकोंबडे धरायचा. त्यासाठी त्याने एक करडा कोंबडा पिलापासून पाळला होता. त्याला कायम कापड बांधलेल्या टोपलीत ठेवायचं आणि कापड सोडायचं ते फक्त रानात. उजेड दिसताच तो आरवायचा, दुसरा नर भांडायला धावून यायचा आणि भोवतीच्या फाशांत अडकायचा. शिमग्यानंतर माद्या अंड्यांवर बसतात म्हणून पार दिवाळीपर्यंत नाथा फासे बाहेर काढत नसे. हे त्याला कुठल्या साहेबाने शिकवलं नव्हतं.

आता कायदा कडक झाला होता. कधीच धरायचं नाही. जंगलखात्याचे गार्ड पाड्यावरच्या झोपड्या तपासायला लागले, तेव्हा टोपली आमच्या गॅलरीत आली.

दुसऱ्याच दिवशी क्षितिजाने भात थुंकला. मी सहज कापडाचं टोक उचललं. कोंबडा आरवला, पोरीने आ वासला, मी घास आत सरकवला. वाटीभर भात संपला. मग काय, रोज दोन्ही वेळा. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, “भाभी, अलार्म अच्छा है, लेकिन दिन में दो बार?” माझा नवरा जितेंद्र ऑफिसातून आला की टोपलीकडे बघून विचारायचा, आज आयाबाईंनी किती घास भरवले?

आठव्या दिवसापासून कोंबडा आरवेना. क्षितिजाच्या तळहातावरचे तांदूळ टिपायला लागला. मला वाटलं, माणसाळला, बरं झालं.

पंधरवड्याने नाथा त्याला घेऊन गेला आणि तीन दिवसांनी परत घेऊन आला. दारातच उकिडवा बसला. तीन दिवस रानात कोंबड्याने तोंड उघडलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“त्याला आता तुजी ग्यालरी म्हंजे रान,” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, दुसरं पिलू धरा ना. “पिलू कुटं हाय, बाय? खाणीत सुरुंग उडतो, मादी अंड्यावरना उठते ती परत येत न्हाय.”

कोंबडा माझ्याकडेच ठेवून तो एकटा गेला. आत, पार डोंगराच्या पोटात. आणि स्वतःच्या गळ्यातून आरवला. अगदी हुबेहूब आरवायचा म्हणे. पण त्या अंगाला दोन वर्षांत रानकोंबडा ऐकू आला नव्हता, म्हणूनच गार्डना कळलं की हा माणूस आहे.

त्याला चार दिवस कोठडीत ठेवलं. फासे जाळले. जंगलात पाऊल टाकणार नाही असं लिहून त्यावर अंगठा घेतला. सरूबाई कामाला यायची थांबली. क्षितिजाला कडेवर घेऊन मी पाड्यावर गेले तर झोपडीच्या जागी नुसती सारवलेली जमीन आणि तीन दगडांची चूल.

कोंबडा त्या उन्हाळ्यात मेला. शेवटपर्यंत आरवला नाही.

आता क्षितिजा दुसरीत आहे, व्यवस्थित जेवते. घोडबंदरच्या बाजूला एका खाणीवर नाथा वॉचमन आहे, कुणाशी बोलत नाही, असं मध्यंतरी कानावर आलं. सरूबाईचं कुणीच काही सांगत नाही. मी दोनदा बसस्टॉपपर्यंत गेले आणि परत आले. कुठल्या तोंडाने जाऊ?

तुम्ही त्या रस्त्याने जात असाल तर जरा उतरा. खाणीच्या तोंडाशी पत्र्याची खोली आहे म्हणतात. आत नाथा आहे का, त्याच्याजवळ सरूबाई आहे का, चूल पेटते का, एवढं बघून या. माझं नाव सांगू नका.